विश्लेषण : सांघिक स्नूकरचे जगज्जेतेपद मुंबईकराने आणले, उपनगरातल्या मुलाला टेबल कोण देणार?

सप्टेंबर २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले शहरात जागतिक सांघिक स्नूकर स्पर्धेची अंतिम फेरी झाली. भारताने थायलंडला ५-२ असे हरवले. भारताचा संघ फक्त दोघांचा होता. त्यातला एक बंगळूरुचा पंकज अडवाणी आणि दुसरा मुंबईचा आदित्य मेहता. क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची मिरवणूक निघते, शहर रस्त्यावर येते. स्नूकरच्या या जगज्जेतेपदाची आठवण मात्र आज मुंबईतल्या थोड्यांनाच असेल. खेळाला प्रसिद्धी मिळाली नाही, ही तक्रार जुनीच आहे. त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात राहणाऱ्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाला आज स्नूकर शिकायचा असेल, तर तो कुठे जाईल आणि त्याचे पैसे कोण भरेल?

मंडालेत नेमके काय घडले?

आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघ, म्हणजे आयबीएसएफ, ही हौशी खेळाडूंची जागतिक संघटना आहे. वैयक्तिक जागतिक स्पर्धांसोबत ती सांघिक स्पर्धाही भरवते. मंडालेतील विजेतेपद हे अडवाणीचे २३ वे जगज्जेतेपद होते. मेहतासाठी मात्र ते पहिलेच होते. याच्या आधीच्या वर्षी, २०१८ मध्ये, दोहा येथे झालेल्या सांघिक विश्वचषकातही भारत जिंकला होता. तेव्हा अडवाणीच्या जोडीला मनन चंद्रा होता आणि समोर पाकिस्तान. पाच फ्रेमच्या त्या लढतीत भारत ०-२ असा मागे पडला आणि सलग तीन फ्रेम घेऊन ३-२ असा जिंकला. दोन वर्षांत दोन जागतिक सांघिक विजेतेपदे आणि दोन्ही संघांत समान असलेले नाव एकच, हे लक्षात ठेवायला हवे.

स्नूकर कसा खेळतात?

हा खेळ भारतातच जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला. पुढे उटीच्या क्लबमध्ये त्याचे नियम पक्के झाले.

टेबलावर एकूण २२ चेंडू असतात : एक पांढरा, १५ लाल आणि सहा रंगीत. खेळाडू काठीने, म्हणजे क्यूने, फक्त पांढऱ्या चेंडूला मारतो आणि त्याच्या धक्क्याने दुसरा चेंडू खिशात घालतो. आधी एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, असा क्रम चालतो. लालला एक गुण. रंगीत चेंडूंना पिवळ्यापासून काळ्यापर्यंत दोन ते सात गुण. प्रत्येक लालनंतर काळा घेतला आणि शेवटी सहाही रंगीत चेंडू घेतले, तर एका फ्रेममध्ये १४७ गुण होतात. हा सर्वोच्च ब्रेक.

चेंडू खिशात जाणार नसेल, तर पांढरा चेंडू अशा जागी आणून ठेवायचा की प्रतिस्पर्ध्याला नेम साधताच येऊ नये. याला सेफ्टी म्हणतात. टीव्हीवर मोठे ब्रेक दिसतात. सामने बऱ्याचदा सेफ्टीवर ठरतात.

एकट्याचा खेळ संघाने कसा खेळायचा?

सांघिक लढतीचा साधा साचा असा : आधी दोन एकेरी फ्रेम, मध्ये एक दुहेरी फ्रेम, मग प्रतिस्पर्धी बदलून पुन्हा एकेरी. लढत मोठी असेल तर हेच चक्र पुढे चालते. डेव्हिस चषक टेनिस पाहणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

खरी गंमत दुहेरीत आहे. दोन्ही संघांचे खेळाडू ठरलेल्या क्रमाने टेबलावर येतात आणि फ्रेम संपेपर्यंत तो क्रम बदलता येत नाही. जोडीदार आपसात बोलू शकतात. पण त्यातला एक जण टेबलावर खेळत असताना दुसऱ्याने सल्ला द्यायला मनाई आहे. म्हणजे ज्याला वाचवण्याचा मार्ग दिसतो आहे, त्याने खुर्चीत गप्प बसायचे. शिवाय आपण सोडून दिलेला चेंडू आधी प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला येतो आणि त्याने करून ठेवलेली अडचण सोडवायला आपला जोडीदार उठतो. आपली चूक दुसऱ्याने निस्तरायची, हा अनुभव एकेरीत कधीच येत नाही.

दुसऱ्या खेळाडूला एवढे महत्त्व का?

कारण सांघिक स्पर्धा देशातला सर्वोत्तम खेळाडू किती चांगला आहे हे मोजत नाही. त्याच्या शेजारी बसलेला किती चांगला आहे, हे ती मोजते. पाच फ्रेमच्या लढतीत एकट्याने दोन एकेरी जिंकल्या तरी तिसरी फ्रेम जोडीदाराशिवाय मिळत नाही. अडवाणीसारखा खेळाडू कुठल्याही देशात पिढीतून एखादा होतो. त्याच्या जोडीला उभा राहू शकेल असा खेळाडू मिळतो तो सरावाच्या सोयींमधून, शिकवणाऱ्यांमधून आणि स्थानिक स्पर्धांमधून.

चीनचे उदाहरण पाहा. २०१५ मध्ये वूशी शहरात झालेल्या व्यावसायिकांच्या विश्वचषकात यजमान चीनने दोन संघ उतरवले. पहिल्या संघात नावाजलेले डिंग जुनहुई होते. विजेता ठरला दुसरा संघ : १५ वर्षांचा यान बिंगताओ आणि १७ वर्षांचा झोऊ युएलाँग. अंतिम फेरीत त्यांनी स्कॉटलंडला ४-१ असे हरवले. एखाद्या देशाचा दुय्यम संघ, तोही शाळकरी वयाचा, विश्वचषक जिंकतो, तेव्हा त्या देशात किती मुले टेबलापर्यंत पोहोचत असतील याचा अंदाज येतो. या वाटेवर धोकेही आहेत. पुढे २०२३ मध्ये सामनानिश्चितीच्या प्रकरणात यानसह दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली. लहान वयात घर सोडून परक्या देशात राहणाऱ्या मुलांवर लक्ष कोण ठेवते, हा प्रश्न त्यातून पुढे आला. तरीही २०२५ मध्ये झाओ शिनटाँगच्या रूपाने चीनला पहिला व्यावसायिक जगज्जेता मिळाला. तोही त्याच प्रकरणातील बंदी भोगून परतला होता.

मुंबईचे या खेळातले स्थान काय?

मोठे आहे. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईत स्थिरावलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. त्यांच्यानंतर मुंबईच्याच मायकल फरेरांनी जागतिक बिलियर्ड्स गाजवले. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळत असेल तर जगज्जेत्यालाही तोच मान हवा, असे त्यांचे म्हणणे होते. दोन वर्षांनी त्यांना पद्मभूषण मिळाले.

मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत रफत हबीब यांच्या साथीने स्नूकर दुहेरीचे सुवर्ण आणले. आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतील इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथे त्याला डिंगने हरवले. त्याच वर्षी कोलंबियातील कॅली येथे झालेल्या जागतिक क्रीडा स्पर्धेत, म्हणजे वर्ल्ड गेम्समध्ये, त्याने स्नूकरचे सुवर्ण जिंकले. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये व्यावसायिक सर्किटवर दाखल झाला. खुद्द उपनगरांनीही मोठा स्नूकर पाहिला आहे. मार्च २०१५ मध्ये सांताक्रूझ पूर्वेच्या एका पंचतारांकित हॉटेलात इंडियन ओपन झाली आणि वेल्सचा मायकल व्हाइट ती जिंकून गेला.

म्हणजे या शहराकडे परंपरा आहे. पण ती बरीचशी क्लब आणि जिमखान्यांच्या दालनांत वाढली. तिथे जायला सदस्यत्व लागते किंवा सदस्याची ओळख लागते.

उपनगरात अडते कुठे?

पहिले गणित जागेचे आहे. स्नूकरचे पूर्ण आकाराचे टेबल साधारण १२ फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. क्यूची लांबी पाच फुटांच्या आसपास. टेबलाच्या कडेला असलेला चेंडू मारण्यासाठी क्यू मागे नेता यायला हवी, म्हणून चारही बाजूंना पाच-पाच फूट जागा सोडावी लागते. म्हणजे खोली किमान २२ बाय १६ फुटांची. हे झाले ३५२ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे असते. ज्या शहरात अख्खा संसार ३०० चौरस फुटांत मांडला जातो, तिथे एका टेबलाला त्याहून मोठी खोली लागते.

दुसरे गणित वजनाचे. टेबलाच्या कापडाखाली जाड दगडी पाट्या असतात. सगळे मिळून वजन टनाच्या वर जाते. ते कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही जुन्या इमारतीत ठेवता येत नाही. म्हणून पार्लर बरेचदा तळघरात किंवा व्यापारी संकुलाच्या खालच्या मजल्यावर सापडतात.

तिसरे गणित हवेचे. टेबलाचे कापड लोकरीचे असते. पावसाळ्यात ते दमट होते, चेंडू जड चालतो, कुशनवरून परतताना कोन बदलतो. मोठ्या स्पर्धांत टेबल खालून गरम ठेवतात. मुंबईत चार महिने दमट कापडावर सराव केलेला खेळाडू जेव्हा गरम केलेल्या, सरसर चालणाऱ्या टेबलावर उतरतो, तेव्हा त्याचा हात चुकतो. हे टाळायचे तर वातानुकूलन आणि कापडाची नियमित निगा हवी. त्याचा खर्च अखेर तासाच्या भाड्यात येतो.

या तिन्ही गणितांमुळे पार्लरमालकाला पूल टेबल परवडते. ते लहान असते, डाव लवकर संपतो, चौघे मित्र मिळून पैसे देतात. यात मालकाची चूक काही नाही. त्याला दुकानाचे भाडे भरायचे आहे.

टेबलाचे भाडे कोण भरतो?

पार्लरमध्ये एक जुना रिवाज आहे : हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे. ऐकायला खेळकर वाटतो. पण त्याचा परिणाम पाहा. शिकणारा बहुतेक वेळा हरतो, म्हणून पैसे तोच भरतो. मुरलेल्या खेळाडूचा सराव जवळपास फुकट होतो. ज्याच्या खिशात सर्वांत कमी, त्याच्यावर सर्वांत जास्त भार. मग शिकणारा मुलगा आपल्यापेक्षा चांगल्या खेळाडूशी खेळणे टाळतो, बरोबरीच्या मित्रांशीच खेळतो आणि त्याची प्रगती तिथेच थांबते.

एकट्याने सराव करायचा तर? समजा, टेबलाचे भाडे तासाला २०० रुपये आहे. रोज तीन तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर महिन्याला १५ हजार रुपये होतात. वर्षाला एक लाख ८० हजार. यात प्रशिक्षकाचे मानधन नाही, क्यू नाही, परगावच्या स्पर्धेचा प्रवास नाही. आणि हे एक-दोन वर्षांचे काम नाही. टेबलावरची नजर तयार व्हायला बरीच वर्षे जातात.

यात भर पडते ती पालकांच्या मनातल्या संशयाची. तळघर, मंद उजेड, सिगारेटचा धूर आणि पैजा, असे पार्लरचे चित्र अनेक घरांत आजही आहे. ते प्रत्येक ठिकाणी खरे नाही. पण मुलीला तिथे एकटे पाठवायला आई-वडील कचरतात, हे खरे आहे. मुलगा असो वा मुलगी, घरून परवानगी मिळाली नाही तर तासाच्या भाड्याचा प्रश्नच येत नाही.

बंगळूरुने वेगळे काय केले?

पंकज अडवाणीचा जन्म पुण्याचा, पण तो घडला बंगळूरुत. तिथे कर्नाटक राज्य बिलियर्ड्स संघटनेचे स्वतःचे सभागृह आहे. शाळकरी अडवाणी तिथे जाऊ लागला आणि माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सावूर यांनी त्याला शिकवले. एका मुलामागे एक जाणता शिक्षक आणि रोज उपलब्ध असलेले टेबल, एवढीच ही गोष्ट आहे. संघटनेच्या छताखाली टेबल असले की तीन गोष्टी बदलतात. पालकांना जागेचा भरवसा वाटतो. लहान मुलाला मोठ्यांचा खेळ जवळून पाहता येतो. आणि टेबल रिकामे असले तरी घड्याळाकडे पाहून पैसे मोजावे लागत नाहीत.

मुंबईत गुणवत्ता कमी आहे असे नाही. वरच्या यादीवरून ते दिसतेच. पण या शहरातला खेळाडू बहुधा घरच्या पाठबळावर किंवा क्लबच्या सदस्यत्वावर पुढे जातो. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याच्यापर्यंत खेळ पोहोचत नाही. तो किती चांगला झाला असता, हे कोणालाच कळत नाही.

पण यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा का?

हा आक्षेप रास्त आहे. उपनगरांत मुलांना धावायला मैदाने अपुरी आहेत. एका मैदानावर संध्याकाळी शंभर मुले खेळतात; एका टेबलावर एका वेळी दोघे. पालिकेने आधी मैदाने वाचवावीत, असे कोणी म्हणाले तर ते चुकीचे नाही. शिवाय स्नूकर ऑलिम्पिकमध्ये नाही आणि २०१० च्या ग्वांगझूनंतर क्यू खेळ आशियाई क्रीडा स्पर्धेतूनही बाहेर गेले. पदकाच्या हिशोबाने निधी वाटणाऱ्या सरकारला त्यात रस का वाटावा?

उत्तर असे की नवे काही बांधण्याची मागणी इथे नाहीच. जे आहे ते दुपारी रिकामे असते. क्लब आणि जिमखान्यांच्या टेबलांवर गर्दी होते ती संध्याकाळी सातनंतर, नोकरी-धंद्यातून सदस्य परतल्यावर. दुपारी दोन ते पाच या वेळेत टेबलावर आच्छादन घातलेले असते आणि मार्कर, म्हणजे गुण मांडणारा आणि टेबलाची निगा राखणारा कर्मचारी, गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो. नेमकी हीच वेळ सकाळची शाळा सुटलेल्या मुलांची आहे.

मग काय करता येईल?

एक, जे क्लब आणि जिमखाने सरकारी किंवा पालिकेच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत, त्यांनी आठवड्यातून काही दुपारी आपली टेबले बिगरसदस्य मुलांसाठी खुली करावीत. सवलतीच्या जमिनीच्या बदल्यात एवढी अट घालणे अन्यायाचे नाही. करार नव्याने होतील तेव्हा ती लिहून घेता येईल.

दोन, अंधेरीचे शहाजीराजे क्रीडा संकुल आणि मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडा संकुल ही पालिकेची मोठी संकुले उपनगरांतच आहेत. अशा संकुलांत जिथे टेबल असेल तिथे शालेय खेळाडूंचे तास राखून ठेवावेत आणि जिथे नसेल तिथे एखाद्या बंदिस्त दालनात एक-दोन टेबलांची सोय करावी. मैदानाची एक इंचही जागा त्यासाठी लागत नाही.

तीन, पार्लरमालकांनाही यात घेता येईल. राज्य संघटनेने नोंदणीकृत कनिष्ठ खेळाडूंना दुपारच्या वेळेत कमी भाड्यात टेबल मिळवून द्यावे आणि त्या पार्लरला मान्यताप्राप्त सराव केंद्राचा फलक द्यावा. फलक लागला की पालकांची धास्ती कमी होते, मालकाचे रिकामे तास भरतात.

चार, शाळा आणि महाविद्यालयांच्या पातळीवर स्पर्धा सांघिक ठेवाव्यात. अंधेरीविरुद्ध बोरिवली, घाटकोपरविरुद्ध मुलुंड, प्रत्येकी दोघांचे संघ आणि मध्ये एक दुहेरी फ्रेम. सांघिक लढतीत चांगल्या खेळाडूला जोडीदाराला शिकवण्यात स्वतःचा फायदा दिसतो. हरणाऱ्याने पैसे देण्याच्या रिवाजात नेमके हेच घडत नाही. तिथे समोरचा कच्चा राहिला तर आपला तास वाचतो. संघात जोडीदार कच्चा राहिला तर आपण हरतो.

मंडालेत भारताला अडवाणीच्या शेजारी मेहता मिळाला, म्हणून ५-२ असा निकाल लागला. मेहताला मेहता होण्यासाठी आधी वर्षानुवर्षे एक टेबल मिळाले होते. पुढच्या जोडीतला दुसरा खेळाडू कदाचित आज बोरिवलीच्या एखाद्या चाळीत किंवा घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत असेल. त्याने क्यू अजून हातात धरलेलीही नसेल. दुपारी दोन ते पाच या वेळेत शहरातल्या एखाद्या रिकाम्या टेबलावरचे आच्छादन त्याच्यासाठी काढले जाणार का, एवढेच ठरवायचे आहे.